न कळणारी भाषा : ‘आडुजीवितम्’ची दोन रूपे आणि दोन मुंबईपट

कादंबरी बहुधा एका भाषेत लिहिली जाते. तिच्यातील माणसे मात्र एकाच भाषेत जगतात असे नाही. भारतीय कादंबरीच्या संदर्भात ही गोष्ट इतकी परिचित आहे, की तिच्यात दडलेली अडचण सहसा लक्षातही येत नाही. परमुलखात सापडलेल्या पात्राला समोरच्याचे बोलणे कळले नाही, हे सांगायचे तर कादंबरीकाराला वाचकाला कळेल अशाच भाषेत ते सांगावे लागते. न कळण्याचे हे वर्णन वाचकाला अगदी नीट कळते. चित्रपटाची स्थिती वरवर पाहता उलट आहे. परके उच्चार, परका नाद तो जसाच्या तसा प्रेक्षकाच्या कानावर घालू शकतो. पण पडद्याच्या तळाशी उपशीर्षकांची पट्टी आली, की पात्राला न कळलेले प्रेक्षकाला आधी कळते, आणि पात्राची कोंडी ही दुरून पाहण्याची बाब होऊन बसते. या दोन माध्यमांपैकी न कळण्याचा अनुभव अधिक खरेपणाने कोण देते, हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका सरळ नाही. बेन्यामिन यांची मल्याळम् कादंबरी ‘आडुजीवितम्’ (२००८), तिच्यावरून ब्लेसी यांनी केलेला त्याच नावाचा चित्रपट (२०२४) आणि त्याच वर्षीचा पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ ही तीन उदाहरणे शेजारी ठेवली असता या प्रश्नाचे काही अनपेक्षित पैलू पुढे येतात.

‘आडुजीवितम्’चे कथानक सर्वपरिचित आहे. नदीतून वाळू काढण्याचे काम करणारा नजीब गर्भवती पत्नीला मागे ठेवून सौदी अरेबियात नोकरीसाठी जातो. रियाधच्या विमानतळावरून एक इसम त्याला जुनाट गाडीत घालून थेट वाळवंटात नेतो आणि शेळ्यामेंढ्यांच्या कळपावर राबवतो. तीन वर्षांहून अधिक काळ तो तेथे अडकून पडतो. त्याच्याबरोबर आलेला हकीम शेजारच्याच गोठ्यात असतो. पुढे इब्राहिम खादिरी नावाच्या सोमाली माणसाच्या साहाय्याने तिघे पळ काढतात. वाटेत हकीम तहानेने मरतो, खादिरी नाहीसा होतो आणि नजीब एकटाच शहरापर्यंत पोचतो. वाळू उपसून पोट भरणारा माणूस वाळूतच गाडला जावा, हा या कथेतला दैवदुर्विलास बेन्यामिन फारसा अधोरेखित करीत नाहीत, हे त्यांच्या संयमाचे लक्षण मानावे लागेल. बेन्यामिन स्वतः अनेक वर्षे बहारीनमध्ये राहिले होते आणि नजीबच्या कथेला प्रत्यक्षातील एका माणसाच्या अनुभवाचा आधार आहे. २००९ मध्ये या कृतीला केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तिच्या शंभराहून अधिक आवृत्त्या निघाल्या आणि २०१२ मध्ये जोसेफ कोयिप्पळ्ळी यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. मल्याळम् न जाणणारे बहुसंख्य अभ्यासक या कादंबरीपर्यंत पोचले ते याच अनुवादातून.

कादंबरीची चर्चा होते ती प्रामुख्याने गुलामगिरी, स्थलांतर आणि मानवी सोशिकता या अंगांनी. ती चर्चा रास्तच आहे. परंतु नजीबवर कोसळलेल्या संकटाचे मूळ भाषेत आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. विमानतळावर त्याला अरबी बोलता आली असती, तर आपण भलत्याच माणसाबरोबर चाललो आहोत हे त्याला तेथल्या तेथे समजले असते. कादंबरीच्या अखेरीस तुरुंगातील ओळखपरेडीत तोच मालक त्याच्यासमोरून जातो आणि हा आपल्या परवान्यावरचा माणूस नाही, असता तर ओढून परत नेला असता, असे म्हणतो. या एका उद्गाराने आधीची सगळी वर्षे पुन्हा वाचावी लागतात. हा छळ कोणत्याही करारावर, अगदी अन्यायी करारावरही, उभा नव्हता; एका न विचारल्या गेलेल्या प्रश्नावर उभा होता.

आणि तरीही नजीबला अरबी अगदीच परकी आहे असे नाही. केरळातील मुस्लिम घरात वाढलेल्या मुलाच्या कानावर अरबी लहानपणापासून पडते, ती पठणाची आणि प्रार्थनेची भाषा म्हणून. तिचे नाद त्याला पाठ असतात, तिच्यात भाकर मागता येत नाही. ज्या भाषेत ईश्वराला हाक मारायची, तीच भाषा आता पट्ट्याच्या फटक्याबरोबर येते. ज्या शब्दाने नजीब आपल्या मालकाला संबोधतो तो ‘अरबाब’ हा शब्द या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आखाती व्यवहारात त्याचा अर्थ धनी, मालक. व्युत्पत्तीने मात्र तो ‘रब्ब’ या शब्दाचे अनेकवचन आहे, आणि ‘रब्ब’ म्हणजे पालनकर्ता ईश्वर. कादंबरीत नजीब एकीकडे अल्लाशी अखंड संवाद करतो, त्याच्यावर रुसतो, त्याची क्षमा मागतो आणि दुसरीकडे दिवसभर ‘अरबाब’, ‘अरबाब’ करीत धावत असतो. ही दोन नावे एका माणसाच्या तोंडी सतत शेजारी येतात. बेन्यामिन यांनी हे जाणीवपूर्वक केले की नाही हा मुद्दा गौण आहे. संहितेत ते घडते, एवढे पुरेसे आहे. इंग्रजी अनुवादात मल्याळम् निवेदन आणि अरबी शब्द ही दोन्ही सारख्याच अंतरावरून येतात. मल्याळम् वाचकाला मात्र १९७० च्या दशकापासूनच्या आखाती स्थलांतरामुळे यांतले कितीतरी शब्द अर्धवट ओळखीचे असतात. घरातला कोणीतरी ते घेऊन आलेला असतो. नजीबचे न कळणे आणि मल्याळम् वाचकाचे अर्धे कळणे यांतला ताण हा मूळ कृतीचा फार मोठा भाग आहे, आणि भाषांतरात नेमका तोच गळून पडतो. यात अनुवादकाचा दोष नाही.

नजीब जी अरबी शिकतो ती गोठ्यापुरती असते. पाणी, दूध, चारा, भाकर, शेळी, उंट: माणसाला जिवंत ठेवण्याइतके आणि कामाला जुंपण्याइतकेच शब्द. या शब्दसंग्रहात क्रियापदे जवळपास नाहीतच आणि ‘मी’ म्हणण्याची सोय तर मुळीच नाही. ही दरिद्री भाषा भरून काढण्यासाठी तो शेळ्यांकडे वळतो. गावातल्या माणसांची नावे तो त्यांना देतो, त्यांच्याशी मल्याळम्‌मध्ये बोलतो, थट्टाही करतो. जन्मलेल्या एका पिलाला तो आपल्या अजून न पाहिलेल्या मुलासाठी योजलेले नाव, नबील, देतो. पुढे मालक त्या पिलाचे खच्चीकरण करतो आणि नजीबला आपलेच पुरुषत्व गेल्यासारखे वाटते. हा प्रसंग कादंबरीतील सर्वांत दाहक प्रसंग आहे. मालकाच्या दृष्टीने ते नेहमीचे काम आहे. त्या पिलाला नाव आहे हे त्याला ठाऊक नाही, कारण ते नाव ज्या भाषेत दिले गेले ती भाषा त्याला येत नाही. न कळण्याची दिशा येथे प्रथमच उलटते, आणि नजीबला त्याचा काहीही उपयोग होत नाही.

कादंबरीच्या रचनेकडे आता वळता येईल. तिचे चार भाग आहेत: तुरुंग, वाळवंट, पलायन, आसरा. प्रारंभी नजीब आणि हमीद रियाधमधील बथा भागात पोलिसांनी आपल्याला पकडावे म्हणून खटपट करीत आहेत, आणि पोलीस त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. हा प्रसंग विनोदी आहे. वाळवंटाची कथा त्यानंतर येते, म्हणजे नजीब जगला, परतला, माणसांत आला हे वाचकाला आधीच माहीत असते. रहस्याच्या दृष्टीने हे नुकसान म्हणावे लागेल, पण त्याच्या मोबदल्यात कादंबरीला निवेदक मिळतो. सांगणाऱ्या नजीबपाशी आता शब्द आहेत. जे त्या वेळी कळले नाही ते तो नंतर कळलेल्या भाषेत सांगतो, स्वतःच्या अडाणीपणावर हसतो, मधेच वाचकाला विश्वासात घेतो. न कळण्याचे वर्णन कळणाऱ्या भाषेत करावे लागते ही कादंबरीची जी मर्यादा आरंभी सांगितली, तिचेच बेन्यामिन यांनी बळ केले आहे. आपली कथा स्वतःच्या भाषेत सांगता येणे हीच नजीबची खरी सुटका आहे.

ब्लेसी यांचा चित्रपट हा निवेदक काढून टाकतो. पोलिसांपुढे शरण जाण्याचा तो प्रारंभ येथे नाही. तुरुंगाचा भाग अखेरीस थोडक्यात येतो. त्यामुळे चित्रपटातील नजीबपाशी फक्त वर्तमान उरतो. हा निर्णय समजण्यासारखा आहे. पडद्यावर सतत निवेदन चालू ठेवले असते तर चित्रपट श्रुतिकेच्या वळणावर गेला असता. शिवाय येथे दिग्दर्शकाला नाद उपलब्ध होता. मालकाचे ओरडणे अर्थाविना, केवळ आवाज म्हणून आदळते, आणि त्या प्रारंभीच्या दृश्यांत प्रेक्षक खरोखरच नजीबच्या जागी उभा राहतो. कादंबरीला जे साधणे अशक्य होते ते येथे काही मिनिटे साधले आहे. पृथ्वीराज सुकुमारन यांनी या भूमिकेसाठी सुमारे तीस किलो वजन उतरवले, याची प्रसिद्धी पुष्कळ झाली. त्यापेक्षा त्यांच्या आवाजाचा ऱ्हास अधिक लक्षणीय आहे. घशातून शब्द निघेनासा होणे, मातृभाषाही खरवडून काढावी लागणे हे त्यांनी विलक्षण ताकदीने दाखवले आहे. केरळ राज्य चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शन आणि प्रमुख अभिनय या दोन्हींसाठी या चित्रपटाची निवड झाली, तिच्याशी वाद घालण्याचे कारण नाही.

वाद आहे तो पुढच्या टप्प्यावर. नजीबकडून शब्द काढून घेतल्यावर जी रिकामी जागा निर्माण होते, ती चित्रपटाला सहन होत नाही. तेथे ए. आर. रहमान यांचे संगीत येते, जॉर्डन आणि अल्जीरियात टिपलेल्या वाळवंटाची भव्यता येते, पाण्याच्या थेंबावरून गावाकडच्या नदीवर जाणारी स्मृतिदृश्ये येतात. यांतले प्रत्येक दृश्य सुंदर आहे, आणि अडचण नेमकी हीच आहे. कादंबरीतील वाळवंट नजीबला सुंदर दिसत नाही. ते दिसण्याइतकी फुरसत त्याला नसते. चित्रपटात ते प्रेक्षकाला दिसते, म्हणजे प्रेक्षक पुन्हा नजीबपासून दूर होतो. शेळ्यांशी असलेले नाते तर फारच आटून गेले आहे. नावे देण्याचा तो खेळ गेला, आणि त्याबरोबर नजीबची थट्टेखोर वृत्तीही गेली. कादंबरीतील नजीब भोगतो आणि बोलतो. चित्रपटातील नजीब भोगतो. करुणा दोन्हीकडे आहे, पण दुसऱ्या ठिकाणी ती प्रेक्षकाच्या बाजूला जमा होते. मल्याळम्‌खेरीज हिंदी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड या भाषांत ध्वनिमुद्रण करून हा चित्रपट देशभर प्रदर्शित झाला, तेव्हा आणखी एक गोष्ट घडली. दीर्घ एकांतानंतर हकीम भेटतो आणि नजीबला आपल्या भाषेत बोलता येते, हा क्षण हिंदी बोलणाऱ्या नजीबच्या तोंडी केवळ मित्रभेटीचा प्रसंग होतो. ती भाषाभेट असल्याचे त्यात शिल्लक राहत नाही.

मराठीत या अनुभवाला समांतर असे काय आहे, असे विचारले तर विलास सारंग यांच्या ‘एन्कीच्या राज्यात’ (१९८३) या कादंबरीकडे बोट दाखवावे लागते. सारंग यांनी १९७० च्या दशकात बसऱ्याच्या विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केले होते, आणि या कादंबरीचा नायकही तेथे इंग्रजी शिकवणारा भारतीय अध्यापक आहे. भोवतालच्या अरबी जगात तोही परकाच आहे. राजकीय दडपणाची सावली त्याच्यावरही आहे. परंतु त्याच्यापाशी इंग्रजी आहे. न कळणे ही त्याच्या बाबतीत अस्तित्वविषयक अस्वस्थता होते, तिचा विचार करता येतो, तिच्याकडे उपरोधाने पाहता येते. नजीबपाशी अशी मधली भाषा नाही. एकाच प्रदेशाविषयीच्या या दोन भारतीय कादंबऱ्यांमधील अंतर बहुतेक वेळा आधुनिकतावाद आणि वास्तववाद अशा वाङ्मयीन संज्ञांनी मोजले जाईल. ते वेतनश्रेणीनेही मोजून पाहायला हरकत नाही.

‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ येथे वेगळ्या वाटेने येतो. २०२४ च्या कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री हा सन्मान मिळाला. शाजी करुण यांच्या ‘स्वहम्’नंतर (१९९४) तीस वर्षांनी भारतीय चित्रपट तेथील मुख्य स्पर्धेत पोचला होता. मुंबईच्या एका रुग्णालयातील प्रभा आणि अनु या दोन मल्याळी परिचारिका आणि तेथेच स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती यांची ही कथा. प्रभाचा नवरा जर्मनीत आहे आणि तो बोलेनासा झाला आहे. तिकडून एक दिवस भात शिजवण्याचे विजेचे भांडे येते, सोबत शब्द नाही. प्रारंभी शहरात आलेल्या अनेकांचे आवाज निरनिराळ्या भाषांत ऐकू येतात, चेहरे मात्र नेमके कोणाचे ते कळत नाही. मुंबई येथे दिसते त्याहून अधिक ऐकू येते.

या चित्रपटातील एक लहानसे पात्र प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. डॉक्टर मनोज केरळातून आला आहे, त्याला हिंदी जमत नाही, आणि प्रभा त्याला ती शिकवते. तो मल्याळम्‌मध्ये कविता लिहितो. रोग्याला काय होते आहे हे विचारण्यापुरतीही भाषा नसलेला हा डॉक्टर आणि वाळवंटातला नजीब यांच्या सामाजिक स्थानात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरी मातृभाषेत कवी असलेला माणूस दुसऱ्या भाषेत बालवाडीत बसतो, ही अवस्था दोघांचीही आहे. कपाडिया या अवस्थेभोवती संगीताची तटबंदी उभारीत नाहीत. तो अडखळतो, प्रभा दुरुस्त करते, दोघे चालत राहतात. त्यांच्यात जे बोलले जात नाही ते या शिकवणीच्या आडून बोलले जाते. ‘आडुजीवितम्’च्या चित्ररूपाला जी रिकामी जागा पेलली नाही ती येथे रिकामी ठेवली आहे, आणि म्हणून ती भरते.

चित्रपटाचे मल्याळम् नाव ‘प्रभयाय् निनच्चतेल्लाम्’ असे आहे. इंग्रजी नावातील प्रकाश येथे ‘प्रभा’ होतो आणि नायिकेचे नाव शीर्षकात येऊन बसते. मराठी वाचकाला हा श्लेष कोणी उलगडून सांगण्याची गरज नाही. इंग्रजी उपशीर्षकांच्या आधारे पाहणाऱ्याला तो सांगूनही पुरेसा पोचत नाही. पार्वतीच्या बाबतीतही असेच होते. गिरणीत काम केलेल्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर राहत्या घराचे कागद सापडत नाहीत, बिल्डर तगादा लावतो आणि शेवटी ती रत्नागिरीकडच्या गावी परतते. छाया कदम यांनी उभी केलेली ही स्त्री प्रभाशी हिंदीत बोलते, पण त्या हिंदीला मराठीचा घट्ट वास आहे. वाक्य कोठे तोडायचे, राग कोठे गिळायचा, हे सगळे मराठीतले आहे. उपशीर्षकांच्या पट्टीवर पार्वती, प्रभा आणि मनोज एकाच निर्दोष इंग्रजीत बोलतात. त्यांच्यातील विषमता पडद्यावर ऐकू येते आणि पडद्यावरच पुसली जाते. गिरणगावच्या माणसाला शहरातून बाहेर काढले जाण्याची ही गोष्ट मल्याळी पात्रांच्या आडोशाने सांगितली गेली याबद्दल एखाद्या मराठी प्रेक्षकाला रुखरुख वाटेलही. पण दोन परप्रांतीय परिचारिका पार्वतीला सोडायला कोकणात जातात, तेव्हा मुंबईत नेमके परके कोण, हा प्रश्न चित्रपटाने न विचारताच विचारलेला असतो. कोकणातील उत्तरार्धात समुद्रातून वाचवलेल्या अनोळखी माणसाच्या ठायी प्रभाला आपला नवरा दिसतो, त्याचे बोलणे ऐकू येते. या प्रसंगाची संदिग्धता काही समीक्षकांना कृत्रिम वाटू शकेल. ज्या स्त्रीच्या वाट्याला वर्षभर केवळ एक भांडे आले, तिला कोणाच्या तरी तोंडून उत्तर ऐकावेसे वाटणे यात मात्र कृत्रिम काही नाही.

भारतीय साहित्य अनेक भाषांतून लिहिले गेले तरी एकच आहे, ही साहित्य अकादमीच्या स्थापनाकाळापासून रुळलेली भूमिका तौलनिक अभ्यासाला दीर्घकाळ पोषक ठरली. अमिय देव, शिशिरकुमार दास यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिच्यातील ‘एक’ या पदाची चिकित्साही केली. या चिकित्सेचा एक व्यावहारिक भाग अजून व्हावयाचा आहे, आणि तो अभ्यासकाच्या स्वतःच्या सवयींविषयी आहे. ‘आडुजीवितम्’ इंग्रजीत वाचायची, चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह पाहायचा आणि मग स्थलांतरिताच्या भाषिक एकाकीपणाविषयी लिहायचे, या क्रमात त्या एकाकीपणाचा स्पर्शच होत नाही. मल्याळम् शिकल्याखेरीज लिहू नये असे म्हणणे अतिरेकी ठरेल. पण काय ऐकू आले नाही याची नोंद विवेचनात असावी, इतकी अपेक्षा गैर नाही.

अशी नोंद कशी पुसली जाते, हे चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (२०१४) फार आधी दाखवून ठेवले आहे. नारायण कांबळे या लोकशाहिरावर, त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. गाणे मराठीत, बचावाचा वकील गुजराती घरातला, सरकारी वकील मराठी, साक्षी हिंदी-मराठीत, कायद्याची कलमे इंग्रजीत. सरकारी वकील बाई ती कलमे एका सुरात, श्वासही न घेता वाचून दाखवतात, तेव्हा त्या इंग्रजीचा अर्थ त्यांच्यासह कोणालाच नको असतो. साक्षीदार आपल्या भाषेत काहीतरी सांगतो, थांबतो, पुन्हा सांगतो. न्यायाधीश ते ऐकतात आणि टंकलेखकाकडे वळून इंग्रजीत एक वाक्य सांगतात. टंकलेखक ते टिपतो. दप्तरात राहते ते वाक्य.